इंग्रजीतील 'ब्लाँड' शब्दाची दोन लेखनरूपे : एक टिपण

इंग्रजीने व्याकरणिक लिंगव्यवस्था मध्ययुगातच टाकून दिली. तिच्यातील विशेषण नामाच्या लिंगानुसार बदलत नाही. सोनेरी केसांचा वाचक असलेला 'ब्लाँड' हा शब्द मात्र या नियमाला लक्षणीय अपवाद ठरला. पुरुषासाठी तो व्यंजनान्त लिहावा आणि स्त्रीसाठी त्याच्या अंती 'ई' हे अक्षर जोडावे, असा संकेत रूढ झाला. फ्रेंचमध्ये या दोन रूपांचे उच्चारही भिन्न असून अंत्य 'द' केवळ स्त्रीलिंगी रूपात ऐकू येतो. इंग्रजीत दोहोंचा उच्चार एकच आहे. त्यामुळे हा लिंगभेद सर्वस्वी लेखननिष्ठ ठरतो आणि देवनागरी लिप्यंतरात तो पूर्णपणे लोपतो.

हा शब्द इंग्रजीत प्रथम आढळतो तो विल्यम कॅक्स्टनने १४८१ मध्ये फ्रेंचवरून केलेल्या भाषांतरात. तेथील रूपाच्या अखेरीस 'ई' आहे. परंतु वर्णन सामान्यतः माणसाच्या केसांचे असल्याने त्या अक्षराला स्त्रीत्वाचा अर्थ नाही. सतराव्या शतकात शब्द फ्रेंचमधून पुन्हा आला, आणि त्यासोबत फ्रेंच लिंगभेदाचे भानही आले.

पुढे ई-युक्त रूप स्त्रीवाचक नाम म्हणून स्थिरावले. १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनिता लूसच्या 'जंटलमेन प्रिफर ब्लाँड्स' या कादंबरीच्या शीर्षकात हेच रूप अनेकवचनात आहे. तिच्यावरील १९५३ च्या चित्रपटात मेरिलिन मन्रोने नायिकेची भूमिका केली. आणि मन्रोच्या जीवनावर जॉइस कॅरल ओट्स यांनी २००० साली लिहिलेल्या कादंबरीचे शीर्षक म्हणजे हा एकच शब्द. पुरुषाच्या बाबतीत केसांचा रंग बहुधा विशेषणच राहतो. स्त्रीच्या बाबतीत तो नाम होऊन व्यक्तीची जागा घेतो. स्त्रीवादी समीक्षेचा आक्षेप नेमका येथे आहे. अमेरिकन लेखनात सर्वांसाठी ई-विरहित विशेषण वापरण्याकडे कल दिसतो. ब्रिटिश लेखनात ई-युक्त रूपाचा वापर तुलनेने अधिक आहे.

मराठीत याला समांतर उदाहरण आहे. 'सुंदर' हे विशेषण मराठीत लिंगानुसार विकार पावत नाही : सुंदर मुलगा, सुंदर मुलगी. संस्कृतातील 'सुंदरी' हे स्त्रीलिंगी रूप मात्र मराठीत नाम म्हणून टिकले, आणि त्याला पुल्लिंगी जोडीदार नाही. दोन्ही भाषांनी उसन्या व्याकरणातून नेमके तेच रूप जपले, ज्याने स्त्रीला तिच्या रूपावरून नाव देता येते.

भाषांतरकारापुढील अडचणही येथूनच उद्भवते. 'सोनेरी केसांची' असे म्हणताच मराठीत षष्ठीचा प्रत्यय लिंग सांगतो. पण त्यापुढे 'तरुणी' किंवा 'बाई' हे नाम येतेच किंवा गृहीत धरावे लागते. मूळ शब्दाने पुसून टाकलेली व्यक्ती मराठी वाक्यरचना परत आणते. ही भर म्हणजे मूळ संहितेशी प्रतारणा की तिचे भाष्य, याचा निर्णय भाषांतरकाराने संदर्भ पाहून, परंतु जाणीवपूर्वक, करावयास हवा.