बॅरिस्टर दैव आणि डॉक्टर आर्बथ्नॉट

डॉक्टर जॉन आर्बथ्नॉट हे इंग्लंडच्या ॲन राणीचे वैद्य. स्विफ्ट व पोप यांचे स्नेही आणि ‘जॉन बुल’ या पात्राचे जनक. असल्या विनोदी गृहस्थाने 1710 साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकासाठी जो लहानसा निबंध लिहिला, त्यात परिकल्पना-परीक्षेचा उगम आहे, असे अनेक इतिहासकार मानतात.

आर्बथ्नॉटने लंडनमधील बाप्तिस्म्याच्या नोंदी 1629 पासून पाहिल्या. 82 वर्षांत एकही वर्ष असे नव्हते की, ज्यात मुलगे मुलींहून अधिक नव्हते. त्याने विचार केला तो असा: मुलगा होणे वा मुलगी होणे हा नाणेफेकीसारखा निव्वळ दैवाचा खेळ आहे, असे घटकाभर मान्य करू. मग एखाद्या वर्षी मुलगे अधिक निघण्याचा संभव निम्मा. लागोपाठ 82 वर्षे तसे घडण्याचा संभव एका पंचवीस-अंकी संख्येत एक! तेव्हा मान्य केलेली गोष्टच टाकून दिली पाहिजे. पूर्वपक्ष स्वीकारून त्याचेच खंडन करण्याची ही रीत आमच्या शास्त्रीमंडळींस नवी नाही. फरक इतकाच की, येथे खंडन कधीच पुरे होत नाही. पूर्वपक्षाचा संभव तेवढा क्षीण होत जातो.

आर्बथ्नॉटने केवळ वर्षे मोजली, आधिक्य किती हे पाहिले नाही. 1629 साली 5,218 मुलगे व 4,683 मुली, एकूण 9,901. निम्म्याहून मुलगे साडेसदुसष्ट अधिक दोनशे, म्हणजे 267½ जास्त. हे पुष्कळ की थोडे? नुसत्या आकड्यावरून सांगता येणार नाही. गणितातले साठ गुण व संस्कृतातले साठ गुण सारखेच, असे कोणता परीक्षक म्हणेल? द मुआव्हर याने 1733 साली दाखविले की, अशा खेळातील स्वाभाविक चढउतार एकूण संख्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. 9,901 चे वर्गमूळ सुमारे साडेनव्याण्णव. त्याचे निम्मे पावणेपन्नास. या मापास पुढे कार्ल पिअर्सनने जे नाव दिले, त्यास आपण प्रमाण विचलन म्हणतो. त्याने 267½ ला भागले की सुमारे 5.4 येतात, हाच प्रमाणित गुण. फिशरने 1925 साली दोनच्या आसपासची मर्यादा, म्हणजे विसांत एक, सोयीची म्हणून सुचविली. पुढील पिढ्यांनी तिला श्रुतिवचन केले, हा दोष फिशरचा म्हणवत नाही.

दैवाचा दावा निकालात निघाला. परंतु आर्बथ्नॉट तेथे थांबला नाही. दैव नव्हे, तर ईश्वरी योजना, असे त्याने ठरविले. पुरुष संकटांत अधिक मरतात म्हणून विधात्याने ही भरपाई केली आणि म्हणून बहुपत्नीत्व निसर्गविरुद्ध! निकोलस बर्नुली याने 1713 च्या सुमारास शांतपणे सुचविले की, 35 बाजूंचा फासा घ्या, 18 बाजू मुलाच्या व 17 मुलीच्या. एवढ्याने नोंदींचा उलगडा होतो. आम्ही 1629 चे वर्ष या फाशावर पारखून पाहिले. प्रमाणित गुण 2.5 निघाला. दोनच्या पुढे खरा; पण असे वर्ष शंभरांत एखादे येते, आणि येथे वर्षे तर 82 आहेत.

बर्नुलीच्या फाशाप्रमाणे हजार मुलग्यांमागे 944 मुली पडतात. महाराष्ट्रात 0 ते 6 वयोगटात हजार मुलग्यांमागे 1991 साली 946 मुली होत्या. 2001 साली त्या 913 झाल्या, 2011 साली 894. फरक तीस-पन्नासांचाच वाटतो. परंतु 2001 साली ही मुले सव्वा कोटीवर होती, आणि तेवढ्या संख्येस प्रमाणित गुण पन्नासाच्याही पुढे जातो. दैव निर्दोष सुटले. गर्भलिंगपरीक्षेस बंदी करणारा कायदा महाराष्ट्रात 1988 सालीच झाला होता. मग या आकड्यांमागे कोण, हे प्रमाणित गुण सांगत नाही. त्याकरिता सोनोग्राफी केंद्रांची दप्तरे आणि आपल्याच सुशिक्षित घरांची माजघरे धुंडाळावी लागली.