वारुळाचा कुंभार कोण?



कीर्तन थांबवून आता सहा वर्षे झाली. गळा साथ देत नाही आणि फार वेळ उभे राहवत नाही. जे उभ्याने सांगत होतो ते आता बसून लिहितो. आज एक जुने देणे फेडायचे आहे.

पस्तीसेक वर्षांपूर्वी एका गावी सप्ताहात माझे कीर्तन होते. 'देव आहे कशावरून?' हा पूर्वपक्ष मांडला आणि नेहमीचा दृष्टांत दिला. मडके दिसले की कुंभार होता हे कळते. मग एवढे जग डोळ्यांपुढे असता त्याला कर्ता नाही असे कसे म्हणावे? टाळकऱ्यांनी विठ्ठलनामाचा गजर केला. गजर ओसरला तसा मागून एक तरुण उठला आणि म्हणाला, "महाराज, वारूळही मातीचंच असतं. ते कोणत्या कुंभारानं घडवलं?" मला उत्तर सुचले नाही. मग मी त्याच्या कॉलेजच्या शिक्षणावर एक टोमणा मारला. मंडप हसला. मुलगा खाली मान घालून निघून गेला. त्या गावी पुढे चार वेळा गेलो, पण तो मंडपात कधी दिसला नाही.

काही वर्षांनी एका शास्त्रीबुवांपाशी न्यायशास्त्राचे पाठ घेतले, तेव्हा कळले की त्या पोराने तेराशे वर्षांपूर्वीचा प्रश्न विचारला होता! नैयायिक म्हणत, घडा हे कार्य आहे, त्याला कर्ता आहे. पृथ्वी, पर्वत हीही कार्ये आहेत, म्हणून त्यांनाही कर्ता असला पाहिजे. सातव्या शतकातील बौद्ध पंडित धर्मकीर्तीने त्यावर बोट ठेवले. घडा करणारा आपण पाहिलेला आहे, पर्वत करणारा कोणी पाहिला? नुसत्या सारखेपणावर जायचे तर वारूळही मातीचेच, मग तेही कुंभाराचेच काम म्हणावे लागेल. हा आक्षेप पंडितांनी हसण्यावारी नेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्यावर ग्रंथ लिहिले गेले.

त्या वादातला मुकुटमणी म्हणजे मिथिलेचे उदयनाचार्य. ते सुमारे हजार वर्षांपूर्वी होऊन गेले. ईश्वर सिद्ध करण्यासाठी त्यांनी 'न्यायकुसुमांजली' लिहिली. नाव पाहा कसे आहे! न्यायाच्या फुलांची ओंजळ. ग्रंथाचे पाच भाग, त्यांना नाव 'स्तबक', म्हणजे फुलांचे गुच्छ. पहिल्या चार गुच्छांत मुख्यत्वे विरोधकांच्या शंकांचा परामर्श आहे. 'देव दिसत नाही म्हणून तो नाही' या शंकेला ते सांगतात, जी वस्तू दिसण्याजोगी आहे ती दिसली नाही तरच ती नाही असे म्हणता येते. पाचव्या गुच्छात एकामागून एक हेतू येतात. जगाला कर्ता हवा. जड परमाणू आपण होऊन जुळत नाहीत, त्यांना जुळवणारा चेतन हवा. उडता पक्षी स्वतःला आणि धरलेल्या वस्तूला आकाशात सावरतो, तसा या विश्वाला धरणारा कोणी हवा. विणकामासारख्या कला एकाने दुसऱ्याला शिकवाव्या लागतात, तर त्यांचा पहिला गुरू कोण?

या युक्त्या सर्व भक्तांना पटल्या असे समजू नका. रामानुजाचार्य तर थोर विष्णुभक्त. पण श्रीभाष्यात त्यांनीच विचारले की पर्वत आणि समुद्र ही कार्ये मानली, तरी ती सर्व एकाच वेळी एकाच कर्त्याने केली हे कशावरून? घडे अनेक, तसे कुंभारही अनेक असतात. देव शास्त्रावरून कळतो, नुसत्या अनुमानावरून नव्हे, असा त्यांचा सिद्धांत. म्हणजे माझ्या कुंभाराच्या दृष्टांतात उणे काढणारे सगळेच नास्तिक नव्हते.

मग उदयनाचार्यांचे श्रम वाया गेले काय? नाही. ग्रंथाच्या आरंभीच त्यांनी सांगून ठेवले आहे की ही न्यायचर्चा म्हणजे मनन आहे, श्रवणानंतर येणारी उपासनाच आहे. श्रवण, मनन, निदिध्यासन हा क्रम आपल्याला ठाऊक आहे. ऐकलेले पोटात उतरायचे तर मध्ये मनन लागते, आणि शंकेशिवाय मनन कसे व्हावे? तो मुलगा श्रवण करून मननाच्या पायरीवर आला होता. मी त्याला तिथूनच ढकलले.

ग्रंथाच्या शेवटी आचार्य देवालाच विनवतात. एवढ्या श्रुतींच्या आणि युक्तींच्या पाण्याने धुऊनही ज्यांच्या हृदयात तुला जागा मिळत नाही ते कठीण मनाचे खरे. पण विरोध करताना तेही तुझेच चिंतन करत असतात. म्हणून दयाळा, वेळ आली की त्यांनाही तूच तार. आयुष्यभर ज्यांच्याशी वाद केला त्यांच्यासाठी हे मागणे! प्रथम वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले, आणि तो मंडप आठवला.

आपल्या माउलींची रीतही हीच. शके 1212 च्या ज्ञानेश्वरीत आरंभीच्या गणेशरूपकात तर्क हा परशू आहे आणि वेदांत हा मोदक. परशूने रान तोडावे, पोट मात्र मोदकानेच भरते. त्याच रूपकात खंडन झालेले बौद्धमत म्हणजे गणेशाचा मोडका दात. पण तो दात माउलींनी बाहेर फेकला नाही, गणेशाच्याच एका हातात दिला.

आणि कुंभाराचा दृष्टांत घ्यायचा तर आपल्याकडे तेरचे गोरोबाकाका आहेत. मडके कोणी घडवले हे तर्क विचारतो. ते भाजले की नाही हे काका विचारतात. थापटणे घेऊन त्यांनी संतांची डोकी तपासली आणि नामदेवरायांचे मडके कच्चे निघाले, ही कथा तुम्हाला पाठ आहे. पण कच्चे म्हणून ते कोणी फोडले नाही. नामदेवराय विसोबा खेचरांपाशी गेले आणि पक्के होऊन आले. त्या रात्री मंडपात कच्चे मडके त्या पोराचे नव्हते, माझे होते.

वाचकहो, तुमच्या घरी नातू, पुतण्या, भाचा 'देव कशावरून?' असे विचारील. त्याला हसू नका. उत्तर येत असेल तर द्या, येत नसेल तर 'बाळा, चल, दोघे मिळून शोधू' म्हणा. दिंडीत निघेल तर त्याला बरोबर घ्या, त्याची शंकाही चालू द्या.

तो मुलगा आज पन्नाशी ओलांडून गेला असेल. हे त्याच्या हाती पडले, तर एका म्हाताऱ्याने त्याची क्षमा मागितली आहे एवढे त्याने जाणावे.

रामकृष्णहरी.