विश्लेषण: पेशींना निरोप देणारी प्रथिनं प्रयोगशाळेत कशी तयार होतात?

पनवेल तालुक्यातील खारघरमध्ये टाटा मेमोरियल सेंटरचं ‘अ‍ॅक्ट्रेक’ हे कर्करोग उपचार आणि संशोधन केंद्र आहे. ४ जून २०२१ रोजी इथल्या बोन मॅरो ट्रान्सप्लांट विभागात भारतातली पहिली कार-टी पेशी उपचारपद्धती वापरण्यात आली. या उपचारात रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी बाहेर काढतात, जनुकीय बदल करून त्यांना कर्करोगाच्या पेशी ओळखण्यास सक्षम करतात आणि त्यांची संख्या वाढवून त्या रुग्णाला परत देतात. खारघरमध्ये वापरलेल्या पेशी आयआयटी मुंबईत तयार झाल्या होत्या. याच उपचाराला पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेक्सकार१९’ या नावाने मंजुरी मिळाली.

पण शरीराबाहेर टी-पेशी वाढवायच्या, तर नुसतं पोषक द्रावण पुरत नाही. त्यांना ‘आता वाढा’ असा निरोपही मिळावा लागतो. तो निरोप देतात सायटोकाईन नावाची प्रथिनं.

सायटोकाईन म्हणजे काय?

पेशी एकमेकींशी संवाद साधण्यासाठी जी छोटी प्रथिनं सोडतात, त्यांना सायटोकाईन म्हणतात. इंटरल्युकिन आणि इंटरफेरॉन हे त्यातले ओळखीचे गट. इंटरल्युकिन-२, म्हणजे ‘आयएल-२’, टी-पेशींना वाढायला लावतं. १९७६ मध्ये त्याचा शोध लागला तोच टी-पेशींची वाढ करणारा घटक म्हणून. जगभरात टी-पेशी वाढवताना आयएल-२, आयएल-७ आणि आयएल-१५ वापरली जातात.

‘रिकॉम्बिनंट’ कशासाठी?

शरीरात सायटोकाईन अत्यल्प प्रमाणात असतात. १९७० च्या दशकात फिनलंडमध्ये कारी कँटेल रक्तदात्यांच्या पांढऱ्या पेशींपासून इंटरफेरॉन मिळवत. प्रचंड प्रमाणात रक्त वापरूनही हाती येणारं प्रथिन थोडं आणि अशुद्ध असे.

जनुक अभियांत्रिकीने ही अडचण सोडवली. मानवी सायटोकाईनचं जनुक ‘ई. कोलाय’ या जिवाणूत किंवा सस्तन प्राण्यांच्या पेशीत घालतात. त्या पेशी मोठ्या टाक्यांमध्ये वाढवतात आणि त्यांनी बनवलेलं प्रथिन वेगळं काढून शुद्ध करतात. मधुमेहाच्या रुग्णांसाठीचं मानवी इन्सुलिनही याच तत्त्वावर बनतं. आयएल-२ चं जनुक १९८३ मध्ये वेगळं करण्यात आलं.

मानवीच प्रथिन का, यालाही कारण आहे. काही सायटोकाईन एका प्रजातीपुरतीच काम करतात. उदाहरणार्थ, मानवी इंटरफेरॉन-गॅमाचा उंदराच्या पेशींवर परिणाम होत नाही.

शुद्धता इतकी महत्त्वाची का?

ई. कोलायच्या आवरणात एंडोटॉक्सिन नावाचा घटक असतो. शुद्धीकरणात तो मागे राहिला, तर त्याच्यामुळेच रोगप्रतिकारक पेशी चेतवल्या जातात आणि स्वतःची सायटोकाईन सोडू लागतात. मग दिसलेला परिणाम सायटोकाईनचा की अशुद्धीचा, हे कळत नाही आणि प्रयोगाचा निष्कर्षच चुकतो.

नुसतं वजन मोजूनही भागत नाही, कारण प्रथिनाची घडी बिघडली तर वजन तेच राहतं, पण काम थांबतं. म्हणून प्रत्यक्ष पेशींवर चाचणी घेऊन ताकद ठरवतात. बहुतेक सायटोकाईन कोरड्या पावडरीच्या रूपात मिळतात. ती विरघळवल्यावर छोट्या छोट्या भागांत गोठवून ठेवतात, कारण वारंवार गोठवणं-वितळवणं त्यांना मानवत नाही.

रुग्णाशी याचा संबंध काय?

कार-टी उपचारानंतर काही रुग्णांच्या शरीरात सायटोकाईन एकदम वाढतात. तीव्र ताप येतो, रक्तदाब घसरतो, श्वास घ्यायला त्रास होतो. हा त्रास जिवावर बेतू शकतो. अमेरिकेत २०१२ मध्ये ल्युकेमिया झालेल्या एका लहान मुलीची अवस्था अशीच गंभीर झाली होती. तिच्या रक्तात आयएल-६ खूप वाढल्याचं चाचणीत दिसलं. आयएल-६ चा निरोप रोखणारं टोसिलिझुमॅब देण्यात आलं आणि ती वाचली.

कोरोनाकाळात अनेक कुटुंबांनी ‘आयएल-६’ हे नाव पहिल्यांदा रक्ताच्या रिपोर्टवर पाहिलं. त्या रिपोर्टमधला आकडाही या प्रथिनांवर अवलंबून असतो. ज्ञात प्रमाणातलं रिकॉम्बिनंट आयएल-६ मोजपट्टी म्हणून वापरतात आणि रुग्णाच्या नमुन्याची त्याच्याशी तुलना करतात. मोजपट्टीच चुकली, तर आकडाही चुकणार.

हे औषध आहे का?

संशोधनासाठी विकलं जाणारं सायटोकाईन हे औषध नव्हे. त्या कुपीवर ‘फक्त संशोधनासाठी’ असं लिहिलेलं असतं आणि ते माणसाला टोचायचं नसतं. रुग्णाला परत द्यायच्या पेशी वाढवण्यासाठीही औषधनिर्मितीच्या कडक निकषांनुसार बनवलेलं सायटोकाईन लागतं. थेट रुग्णाला द्यायचं असेल, तर त्याला औषध म्हणून स्वतंत्र मंजुरी हवी. उदाहरणार्थ, आयएल-२ ला १९९२ मध्ये अमेरिकेत शरीरात पसरलेल्या मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी मंजुरी मिळाली. त्यामुळे नाव तेच असलं, तरी प्रयोगशाळेतली कुपी आणि रुग्णालयातलं औषध यांची अदलाबदल करता येत नाही.