धनुष्याचे प्रकार आणि एकलव्याचा अंगठा

स्टॅनमोर : येथून अवघ्या काही मैलांवर असलेल्या हॅरो शाळेच्या बोधचिन्हात एकमेकांना छेदणारे दोन बाण आहेत. या परगण्यात घर शोधणारी मराठी कुटुंबे शाळांची यादी डोळ्यांत तेल घालून पाहतात. त्या बाणांकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. पहिल्या एलिझाबेथ राणीकडून १५७२ मध्ये या शाळेची सनद मिळवणारा जॉन लायन हा जवळच्याच प्रेस्टनचा शेतकरी. त्याने घालून दिलेल्या नियमांत पालकांवर एक जबाबदारी टाकली होती : मुलाला धनुष्य, बाण, दोऱ्या आणि हाताला बांधायचा चामडी पट्टा द्यावा. पुढे शाळेत रुपेरी बाणाची वार्षिक स्पर्धा भरू लागली आणि ती १७७१ पर्यंत चालली. बघ्यांची गर्दी आणि गोंधळ यांना कंटाळून अखेर मुख्याध्यापकांनी ती बंद केली.

इंग्रजी पद्धतीने बाण सोडणाऱ्या त्या मुलांना दोरी ओढताना उजव्या हाताच्या अंगठ्याची गरज नव्हती. महाभारताच्या कथा ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हे वाक्य खटकेल. अंगठा नसला तर चालत असेल, मग द्रोणाचार्यांनी एकलव्याकडून नेमके मागितले तरी काय? या प्रश्नाचे उत्तर धनुष्याच्या घडणीत आहे.

दोरी ओढण्याच्या दोन प्रमुख रीती जगभर आढळतात. एकीत तर्जनी, मधले बोट व अनामिका दोरीला आकड्यासारखी अडकवतात. अंगठा मोकळा राहतो. युरोपात हीच रूढ होती. दुसरीत अंगठा दोरीभोवती वळवून त्याच्या टोकावर तर्जनीची पकड बसवतात. मध्य आशिया, इराण, चीन आणि मोगलकालीन हिंदुस्थान येथे ही रीत होती. उजव्या हाताने दोरी ओढणारा तिरंदाज पहिल्या रीतीत बाण धनुष्याच्या डावीकडे टेकवतो, दुसऱ्या रीतीत उजवीकडे. एखादे जुने लघुचित्र समोर आले, तर एवढी एक खूण पाहावी. (अर्थात चित्रकारही चुकतात.)

हा फरक केवळ सवयीचा नव्हे. घोडेस्वाराला आखूड धनुष्य लागते. आखूड धनुष्य पूर्ण ताणले की दोरीचा कोन इतका अरुंद होतो की तीन बोटे त्यात चिमटतात. अंगठा दोरीला एकाच ठिकाणी धरतो, त्यामुळे हा त्रास उरत नाही आणि दोरी सुटतेही झटकन. ताणाने कातडी फाटू नये म्हणून अंगठ्यात शिंगाची, हाडाची वा दगडाची अंगठी घालत. शाहजहानची जेडची अशी अंगठी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या संग्रहात आहे. स्टॅनमोरहून ज्युबिली लाइन पकडावी आणि ग्रीन पार्कला गाडी बदलावी. जिच्यावर साम्राज्याचा ताण पडत होता ती वस्तू एवढीशी असेल, असे वाटत नाही.

आता आदिपर्वाकडे वळू. द्रोणांनी मागितलेला अंगठा निषादपुत्राने दिला. त्यानंतर तो बोटांनी दोरी ओढू लागला, परंतु पूर्वीची शीघ्रता राहिली नाही, असे महाभारत स्पष्ट सांगते. म्हणजे कथाकाराला दोन्ही रीती ठाऊक होत्या. एकलव्याची विद्या नष्ट झाली नाही. तिचा वेग गेला, आणि अर्जुनाला तेवढेच हवे होते. मला ही मागणी अधिक निर्दय वाटते ती त्यामुळेच. ती अडाणी क्रौर्यातून आलेली नाही, हस्तकौशल्याच्या अचूक ज्ञानातून आलेली आहे. भिल्ल समाजात आजही अनेक जण अंगठा न लावता बाण सोडतात आणि त्याचा संबंध एकलव्याच्या स्मरणाशी जोडतात.

त्या भिल्लांचे धनुष्य सर्वांत साधे : बांबूचे. सातपुड्यात त्याची दोरीही बांबूच्याच सालीची चिवट पट्टी असते, त्यामुळे पावसात ती सैल पडण्याची भीती नाही. इ. स. पूर्व ३२६ मध्ये अलेक्झांडरबरोबर आलेल्या नेआर्कसच्या आधारे एरियनने हिंदी पायदळाच्या पुरुषभर उंचीच्या धनुष्याचे वर्णन केले आहे. ते जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबत आणि त्याच्या बाणापुढे ढाल टिकत नसे. खाज्या नाईकांच्या नेतृत्वाखाली १८५८ मध्ये अंबापाणीला इंग्रजांच्या बंदुकांसमोर उभ्या राहिलेल्या भिल्लांच्या हातीही धनुष्यबाण होतेच.

इंग्रजांचे स्वतःचे धनुष्य, म्हणजे लॉंगबो, हेही एकाच काठीचे. परंतु त्या काठीत निसर्गाने दोन पदार्थ जोडून ठेवले आहेत. यू वृक्षाचे बाहेरचे फिकट लाकूड ताण सोसते, आतले गडद लाकूड दाब सोसते. बाहेरचे समोर व आतले तिरंदाजाकडे ठेवून काठी तासली की झाले. क्रेसी (१३४६) आणि अ‍ॅजिनकोर्ट (१४१५) येथे याच धनुष्यांनी फ्रेंच सरदारांची दाणादाण उडवली. तरी या युद्धांतील धनुष्ये प्रत्यक्ष हाती आली नाहीत. हाती आली ती १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोज’ या युद्धनौकेतून. १९८२ मध्ये वर काढलेल्या या नौकेवर दीडशेहून अधिक लॉंगबो आणि साडेतीन हजारांच्या वर बाण सापडले. ही धनुष्ये ताणायला शंभर ते एकशे पंचाऐंशी पौंडांचा जोर लागत असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आजच्या ऑलिंपिक तिरंदाजाचे धनुष्य पन्नास पौंडांच्या आसपास असते. नौकेवरील कित्येक सांगाड्यांत खांद्याच्या पात्याचे टोक मूळ हाडाशी जुळलेलेच नव्हते. लहानपणापासून जड धनुष्य ओढल्याचा तो परिणाम, असे मानले जाते. जॉन लायनच्या नियमामागचा काळ असा हाडांवर कोरलेला आहे. दोन बोटे दाखवण्याची येथील अपमानकारक खूण मात्र अ‍ॅजिनकोर्टच्या तिरंदाजांपासून आली, ही लोकप्रिय गोष्ट समकालीन पुराव्यावाचूनच फिरते.

तिसरे धनुष्य माणसाने घडवलेल्या जोडकामाचे. मध्ये लाकूड, तिरंदाजाच्या बाजूला शिंग, समोरच्या बाजूला जनावराच्या कंडरांचे तंतू, आणि सगळे सरसाने चिकटवलेले. शिंग दाब सोसते, तंतू ताण सोसतात. यूच्या काठीतले गणित येथे हाताने मांडलेले आहे. दोरी उतरवली की हे धनुष्य उलट दिशेला वळते. विष्णूच्या धनुष्याचे नाव शार्ङ्ग, म्हणजे शिंगाचे. संतांच्या तोंडचा ‘शारंगधर’ तो हाच. दमट हवेत सरस सुटतो, ही या धनुष्याची उणीव. हिंदुस्थानात पुढे संपूर्ण पोलादी धनुष्येही बनली. ती कोठारात वर्षानुवर्षे पडून राहिली तरी बिघडत नसत.

मराठी भाषेने ही सगळी धनुष्ये जपली आहेत. ‘तिरकमठा’ या एका शब्दात फारसी तीर आणि देशी कमठा शेजारी नांदतात. फारसी कमान म्हणजे धनुष्यच. आपण ती दारावर चढवली आणि घड्याळातही बसवली. शरीर मागे वाकवणारा रोग तो धनुर्वात. त्रिकोणमितीतील ज्या ही मुळात धनुष्याची दोरी. अरबीतून लॅटिनमध्ये जाताना झालेल्या गैरसमजातून तिचे साइन झाले.

बंदुकीने धनुष्य रणांगणावरून हटवले, तेव्हा इंग्लंडमध्ये ते उद्यानात आले. १७८१ मध्ये स्थापन झालेली टॉक्सोफिलाइट सोसायटी उच्चभ्रूंची होती. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये क्वीनी न्यूवॉल यांनी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी सुवर्णपदक मिळवले. १९२० नंतर ऑलिंपिकमधून गेलेला हा खेळ १९७२ मध्ये म्युनिकला परतला, तो रिकर्व्ह धनुष्यासह. टोके पुढे वळलेले हे धनुष्य जुन्या जोडधनुष्याचेच वंशज आहे, पण दोरी ओढायची ती तीन बोटांनी. सत्तर मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचे असते. साताऱ्याच्या फलटण तालुक्यातील सरडे गावचे प्रवीण जाधव हेच धनुष्य घेऊन टोकियो आणि पॅरिस येथे उतरले. या स्पर्धेत एकलव्याचे काहीच अडले नसते.

अमेरिकेच्या मिसूरी राज्यातील होलिस अ‍ॅलन यांना १९६९ मध्ये ज्याचे पेटंट मिळाले, त्या कंपाउंड धनुष्याची तऱ्हा वेगळी. त्याच्या टोकांना विकेंद्री चाके असतात. ओढताना सुरुवातीला पूर्ण जोर लागतो. शेवटी तो इतका कमी होतो की तिरंदाजाला नेम धरायला निवांत वेळ मिळतो. दोरी बोटांनी न धरता एका लहान यंत्राने धरतात, आणि त्याचा खटका पुष्कळदा अंगठ्याने दाबायचा असतो. अंगठा असा मागच्या दाराने परत आला. ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचे ओजस देवतळे यांनी याच प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदके जिंकली. ओजस यांनी अंतिम सामन्यात पंधरा बाणांत दीडशेपैकी दीडशे गुण घेतले; प्रतिस्पर्ध्याचे १४९ होते. दोघेही प्रवीण सावंत यांच्याकडे साताऱ्यात, उसाच्या शेतात उभ्या राहिलेल्या मैदानावर तयार झाले.

स्टॅनमोरमध्ये मणक्याच्या दुखापतींवर उपचार करणारे मोठे अस्थिरोग रुग्णालय आहे. येथून तासाभराच्या अंतरावरील स्टोक मँडेव्हिल येथे २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनादिवशीच, डॉ. लुडविग गुटमन यांनी चाकाच्या खुर्चीतील सोळा जखमी सैनिकांची स्पर्धा घेतली. पॅरालिंपिकची ती सुरुवात, आणि खेळ होता तिरंदाजी. २०२४ मध्ये पॅरिसला हरविंदर सिंग यांनी या खेळात भारताला पहिले पॅरालिंपिक सुवर्ण मिळवून दिले. तेथेच मिश्र दुहेरीत कांस्यपदक घेणारी जम्मूची शीतल देवी जन्मतः दोन्ही हातांवाचून आहे. ती उजव्या पायाने धनुष्य धरते, दोरी खांद्याला बांधलेल्या साधनाने ओढते आणि खटका तोंडाने सोडते.

लॉस एंजेलिस येथे २०२८ मध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा प्रथमच ऑलिंपिकमध्ये असेल. साताऱ्यातील त्या मैदानावर लक्ष्य पन्नास मीटरवर लावतात, आणि त्यावरील दहा गुणांचे वर्तुळ आठ सेंटिमीटरचे असते.