परीक्षेला अकरा तास उरले होते

२२ जून २०२४, शनिवार. रात्री दहाच्या सुमारास केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला होणारी नीट-पीजी ही वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा पुढे ढकलली. देशभरातले सव्वादोन लाखांहून अधिक डॉक्टर ती देणार होते. एमबीबीएसनंतर सर्जन व्हायचे असेल, तर बहुतेकांसाठी हा एकच दरवाजा.

सायन-पनवेल महामार्गालगतच्या कामोठ्यात एमजीएमचे वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. मानसरोवर आणि खांदेश्वर स्थानकांच्या आसपासच्या सेक्टरांत भाड्याच्या खोल्या घेऊन राहणारी डॉक्टर मुले-मुली इथे नवी नाहीत. पुढच्या घटनाक्रमातली इंटर्न ही कोणी एक व्यक्ती नाही. अशा अनेकांवरून ती उभी केली आहे. तारखा आणि सरकारी निर्णय मात्र घडले तसेच आहेत.

मंगळवार, १८ जून. उरले पाच दिवस

प्रवेशपत्र आले. ही परीक्षा मुळात ३ मार्चला होती. मग ७ जुलै ठरली. मार्चमध्ये पुन्हा बदलून २३ जूनवर आणली. अभ्यासाचे वेळापत्रक तिने तितक्याच वेळा नव्याने आखले. आता केंद्र हातात आले म्हणजे तारीख पक्की, असे तिने धरले. केंद्र पुण्यात. मावशीकडे उतरायचे ठरले.

बुधवार, १९ जून, रात्र. उरले साडेतीन दिवस

आदल्याच दिवशी झालेली यूजीसी-नेट रद्द झाली. नऊ लाखांहून अधिक जणांनी ती दिली होती. त्याआधी ४ जूनला नीट-यूजीचा निकाल लागला होता, त्यात ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण होते आणि पेपरफुटीचे आरोप न्यायालयात पोचले होते. रूममेट म्हणाली, "ते सगळं एनटीएचं. आपली परीक्षा एनबीई घेते." तिचे म्हणणे खरे होते. त्या परीक्षा एनटीए म्हणजे राष्ट्रीय चाचणी संस्था घेते, नीट-पीजी एनबीई म्हणजे राष्ट्रीय परीक्षा मंडळ घेते; संस्था वेगळ्या, त्यांची मंत्रालयेही वेगळी.

शुक्रवार, २१ जून, रात्र. उरले छत्तीस तास

एनटीएचीच सीएसआयआर-नेटही पुढे गेली. त्याच दिवशी परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्धचा नवा केंद्रीय कायदा अमलात आला. दर तासाला ग्रुपवर एकच प्रश्न येत होता, 'आपलं होणार ना?' मंत्रालयाकडून त्याचे उत्तर येत नव्हते.

शनिवार, २२ जून, सकाळी ८. उरले २५ तास

१५ ऑगस्टपर्यंत इंटर्नशिप संपणाऱ्यांनाही परीक्षेला बसता येणार होते, म्हणून काहींच्या ड्यूट्या चालूच होत्या. तिला सर्जरी हवी आहे. वॉर्डात ड्रेसिंग करताना, ऑपरेशन थिएटरात असिस्ट करताना तिचा हात कसा चालतो, हे तिच्या युनिटच्या सरांना ठाऊक आहे. पण सीट मिळण्यात त्या माहितीचा काडीचाही उपयोग नाही. अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी शिफारसपत्रे लागतात, मुलाखती होतात, रुग्णालये आणि विद्यार्थी एकमेकांची पसंती नोंदवतात, आणि मार्चमधल्या ठरलेल्या शुक्रवारी 'मॅच' कळतो. आपल्याकडे २०० प्रश्न, ८०० गुण, साडेतीन तास आणि त्यातून निघणारी एक रँक.

बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्याला उणे एक. म्हणजे एक प्रश्न बरोबरचा चूक झाला की पाच गुणांचा फरक. मधल्या गर्दीत तेवढ्याने ब्रँच बदलते. एमजीएम अभिमत विद्यापीठात मोडते; तिथल्या पीजीच्या जागाही केंद्रीय समुपदेशनातून, रँकप्रमाणेच भरतात. ज्या कॉलेजात साडेपाच वर्षे काढली, तिथेही तिला रँकवाचून सर्जरी मिळणार नाही. आणि रँक आली तरी अभिमत विद्यापीठाची फी परवडते का, हा प्रश्न उरतोच.

दुपारी ४. उरले १७ तास

कळंबोलीहून पुण्याची एसटी. बसमध्ये शेवटची उजळणी. यंदा पेपरचे पाच भाग केले होते: प्रत्येकी ४० प्रश्न, ४२ मिनिटे, आणि वेळ संपली की त्या भागाकडे परत जाता येणार नाही. परीक्षेच्या अगदी तोंडावर आलेल्या या नियमासाठी तिने सवय बदलली होती. त्याच दिवशी इस्रोचे माजी अध्यक्ष के. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली परीक्षा सुधारणांसाठी समिती जाहीर झाली. नीट-पीजीबद्दल अजून एक अक्षर नव्हते.

रात्री ८. उरले १३ तास

टी-ट्वेंटी विश्वचषकात भारत-बांगलादेश सामना सुरू झाला. मावशीने टीव्हीचा आवाज बारीक केला, मुगाची खिचडी वाढली आणि म्हणाली, "सातला तिथं पोचायचं ना गं? मग साडेनऊला दिवा बंद."

रात्री ९ नंतर. उरले बारा तासांहून कमी

एनटीएच्या महासंचालकांना हटवल्याची बातमी आली. प्रवेशपत्र, ओळखपत्र, फोटो असे सगळे पिशवीत भरून तिने गजर लावला.

रात्री १०. उरले ११ तास

मंत्रालयाचे निवेदन आले: परीक्षा प्रक्रियेच्या भक्कमपणाची कसून तपासणी करायची आहे, म्हणून खबरदारीचा उपाय म्हणून परीक्षा पुढे ढकलली आहे, गैरसोयीबद्दल खेद, नवी तारीख लवकरच. तिला आधी ते खोटे वाटले, कारण त्या आठवड्यात बनावट परिपत्रकेही फिरत होती. मग वृत्तवाहिन्यांवर तीच ओळ धावली.

तिने घरी फोन लावला. "आई, परीक्षा पुढे गेली." पलीकडून आई म्हणाली, "अगं, उद्याच आहे ना?"

पेपर फुटल्याचे निवेदनात कुठेही म्हटले नव्हते. राष्ट्रीय परीक्षा मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. अभिजात शेठ यांनीही परीक्षेच्या विश्वासार्हतेवर शंका नव्हती, असे नंतर सांगितले. मग तपासणीच करायची होती, तर तिला प्रवेशपत्रे वाटण्याआधीचे सगळे दिवस मोकळे होते. संशयाचे वातावरण तर ४ जूनपासून होते. निर्णय घेतला तो उमेदवार रेल्वेत, बसमध्ये, परक्या शहरातल्या लॉजवर पोचल्यानंतर.

रविवार, २३ जून, सकाळी ९. शून्य

केंद्रे बंद. ती परतीच्या बसमध्ये. तिला मावशीचे घर तरी होते. ज्यांनी उसने पैसे काढून तिकीट आणि लॉज केले, ज्यांनी ड्यूटी बदलून घेतली, ज्या आया तान्हे मूल बरोबर घेऊन आल्या, त्यांचा खर्च कोणी भरून दिला नाही.

त्यानंतरचे ४९ दिवस आणि पुढे

नवी तारीख ५ जुलैला कळली, म्हणजे तेरा दिवसांनी. ११ ऑगस्ट, आणि आता दोन सत्रांत. दोन सत्रे म्हणजे दोन पेपर, आणि दोन पेपरांची तुलना करण्यासाठी गुणांचे नॉर्मलायझेशन. शहरे नव्याने वाटली. शहर ३१ जुलैला समजले, केंद्राचा पत्ता ८ ऑगस्टला. परीक्षा आणखी पुढे न्यायला सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्टला नकार दिला. १७० शहरांतल्या ४१६ केंद्रांवर परीक्षा झाली, २३ ऑगस्टला निकाल लागला, आणि नॉर्मलायझेशनवरून याचिका सुरू झाल्या. केंद्रीय समुपदेशनाच्या पहिल्या फेरीत जागा कळेपर्यंत नोव्हेंबर आला. तोवर वॉर्डात नवे ज्युनियर रेसिडेंट नव्हते. म्हणजे जुन्यांच्या ड्यूट्या लांबल्या, आणि त्याची झळ शेवटी खाटेवरच्या रुग्णाला लागली.

पुढच्याच वर्षी, ३० मे २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने परीक्षा एकाच सत्रात घ्या असे सांगितले. दोन पेपर कधीच सारख्या काठिण्याचे नसतात, हे त्यामागचे कारण. निर्णय योग्यच होता. पण तोही परीक्षेला सोळा दिवस उरले असताना आला आणि १५ जूनची परीक्षा ३ ऑगस्टवर गेली. दोन सत्रे जाहीर झाल्यापासून विद्यार्थी जे ओरडून सांगत होते, ते मंडळाला वेळेत ऐकू आले असते तर न्यायालयाला सांगावे लागले नसते.

एका परीक्षेवर उद्याचा सर्जन निवडावा की नाही, यावर वाद होऊ शकतो. मला ती पद्धत अपुरी वाटते, पण तिच्या बाजूनेही एक भक्कम मुद्दा आहे: वशिला चालत नाही, खेड्यातल्या मुलीलाही रँक असेल तर नामवंत सरकारी महाविद्यालयात सर्जरी मिळते. मात्र ही बाजू तेव्हाच टिकते, जेव्हा नियम आणि तारीख पक्की असते. सगळे भवितव्य एका सकाळवर ठेवायचे आणि ती सकाळ आदल्या रात्री काढून घ्यायची, हे न्याय्य नाही.

म्हणून मागणी साधी आहे आणि ती करता येण्याजोगी आहे. पेपरचे स्वरूप आणि सत्रे अर्ज भरतानाच जाहीर करा. सुरक्षेची तपासणी प्रवेशपत्र देण्याआधी पूर्ण करा. तरीही परीक्षा ढकलावी लागलीच, तर त्याच निवेदनात नवी तारीख द्या आणि प्रवासाचा खर्च परत करा. ज्यांच्या हाती उद्या आपण सुरी देणार आहोत, त्यांना आज एवढा शब्द पाळून दाखवणे हे सरकारचे कर्तव्य आहे.