पावसाळा, बुरशी आणि काचेच्या दाराचं कपाट

आमच्या काकांचा दर जूनमधला ठरलेला प्रश्न: "कॅमेऱ्यांना चोवीस तास विजेवर चालणारं कपाट कशाला लागतं रे? आमचे कॅमेरे लोखंडी कपाटात डांबराच्या गोळ्यांसोबत सुखाने नांदले!" काका हे वाचतात हे मला माहीत आहे, म्हणून उत्तर इथेच लिहितो. जरा लांबून सुरुवात करावी लागेल, थेट न्यू गिनीहून.

१९४२ पासून ऑस्ट्रेलियन आणि अमेरिकन फौजा तिथल्या जंगलात जपान्यांशी लढत होत्या. तिथली हवा म्हणजे आपल्या कोकणातला जुलै, पण बाराही महिने. तिथे दुर्बिणी आणि नेम धरायची उपकरणं काही आठवड्यांतच धूसर व्हायला लागली. बाहेरून कितीही पुसा, जाळं आत! हा आजार तपासायचं काम गेलं मेलबर्न विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे. काचेच्या दुखण्याला वनस्पतीवाले डॉक्टर, गंमतच की नाही? पण दुखणं होतं बुरशीचं. जॉन टर्नर, बुरशीतज्ज्ञ एथेल मॅक्लेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपकरणाच्या आत लावायच्या लॅकरमध्ये पाऱ्याचं एक बुरशीनाशक संयुग मिसळण्याचा उपाय काढला.

बुरशी काच खात नाही बरं का. तिला पुरते धूळ, बोटांचा तेलकटपणा, मेलेले बारीक किडे आणि हवेतला ओलावा. मात्र वाढताना ती जे आम्ल सोडते ते भिंगावरचा लेप आणि पुढे काचही कोरतं. आजोबांच्या घडीच्या कॅमेऱ्याचं हेच झालं. चामड्याच्या पेटीत, अंधारात, वर्षानुवर्षं. (चामडं ओल धरून ठेवतं, म्हणजे जपायला घेतलेली पेटीच बुरशीचं माहेरघर.) दुरुस्तीवाल्याने जाळं काढून दिलं, पण काचेवर कोळ्याच्या पायांसारख्या रेघा कायमच्या राहिल्या. आई-बाबांच्या लग्नाचे फोटो त्याच भिंगातून काढलेले आहेत. त्याच्या निगेटिव्ह आता माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात आहेत, आणि खरी काळजी मला त्यांचीच. निगेटिव्हवरचा थर जिलेटिनचा, म्हणजे बुरशीला आयतं जेवण! भिंग दुसरं मिळेल.

आता पारा घरात कोण आणणार? तेव्हा दुसरा मार्ग, हवाच कोरडी ठेवायची. सिलिका जेलचं पेटंट अमेरिकेत वॉल्टर पॅट्रिक यांनी १९१९ साली घेतलं आणि दुसऱ्या महायुद्धात लष्करी सामानापासून पेनिसिलिनपर्यंत सगळं कोरडं ठेवायला ते वापरलं गेलं. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, एवढ्यावर आजही उत्तम भागतं. फक्त जेल ओलं झालं की तापवून वाळवावं लागतं, आणि ऐन पावसाळ्यात ते नेमकं विसरतं. विजेचं कपाट हे विसरत नाही, एवढाच त्याचा मोठेपणा. काही कपाटांत पेल्टिए पट्टी थंड होऊन हवेतलं पाणी ओढून घेते, काहींत जेल आतल्या आत तापून ओल बाहेर टाकतं. वीज अगदी थोडी लागते, काका!

आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे ठेवायचा. ६०च्या वर बरेच दिवस राहिलं की बुरशीला आमंत्रण. उत्साहाच्या भरात २५वर नेणारेही पाहिलेत. तेही बरं नव्हे, जुनं चामडं कडक होतं आणि फिल्म ठिसूळ. बाहेरून भिजून आलेली बॅग आत कोंबू नये. दाराचं रबर दिवाळीच्या साफसफाईत ओल्या फडक्याने पुसावं.

आणि आकडा दाखवणाऱ्या मीटरवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. एका झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, मीटरसोबत हवाबंद डब्यात आठ-दहा तास ठेवा. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते; मीटर जे वेगळं दाखवेल तेवढी त्याची चूक. माझा ८१ दाखवतो. कपाटाच्या दारावर चिठ्ठी चिकटवली आहे: "६ वजा करा."