कोयनेच्या पाण्याआडचं रान

सह्याद्रीवर उगम पावलेल्या बहुतेक नद्या पूर्वेची नाहीतर पश्चिमेची वाट धरतात. कोयना मात्र महाबळेश्वराहून निघते ती घाटमाथ्याला समांतर, सुमारे ६५ किलोमीटर दक्षिणेला वाहते, हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. या लांबट खोऱ्याच्या पश्चिम अंगाला सातारा जिल्ह्यातलं सर्वांत दाट सदाहरित रान आहे. अंजनी, जांभूळ आणि पिसा ही तिथली मातब्बर झाडं.

या रानाला माणसाचा हात कधी लागलाच नाही, असं सर्रास लिहिलं जातं. वाचायला बरं वाटतं, पण ते खरं नाही. इथल्या उतारांवर पिढ्यान्‌पिढ्या कुमरीची शेती होत असे. उन्हाळ्यात झाडं-फांद्या तोडायच्या, वाळल्या की जाळायच्या आणि पहिल्या पावसात त्या राखेत नाचणी, पुढच्या साली वरी. जमिनीचा कस उतरला की तुकडा काही वर्षं पडीक सोडून दुसरीकडे कोयता चालवायचा. कड्यांच्या कपारीत, ओढ्यांच्या घळईत आणि देवाच्या नावानं राखलेल्या राईत तेवढी थोराड झाडं टिकली. इंग्रजांनी १८७८ च्या वनकायद्यानं रानं राखीव केली आणि कुमरीवर बंधनं आणली. त्यात जंगलाच्या काळजीइतकीच लाकडाच्या उत्पन्नाची नजर होती.

त्याआधी या दाटीचा भाव राज्यकर्त्यांनी वेगळ्या हिशेबानं लावला होता. १६५६ साली शिवाजी महाराजांनी मोऱ्यांकडून जावळी घेतली आणि तीन वर्षांनी अफझलखानाला याच अडचणीच्या मुलखात यायला भाग पाडलं. खोऱ्याच्या आतला वासोटा किल्ला तर तुरुंग म्हणूनच सोयीचा. पेशवाईच्या अखेरीस ताई तेलिणीनं तो पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांच्याविरुद्ध काही महिने झुंजवला. १८१८ मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींचं कुटुंब आणि हंटर, मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी तिथं कैदेत होते. कंपनीच्या फौजेनं त्या झाडीतून वाट काढत समोरच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवल्या, तेव्हा कुठं किल्ला पडला.

खोऱ्याचं रूप खऱ्या अर्थानं पालटलं ते धरणानं. १९५० च्या दशकात काम सुरू झालं, १९६० च्या दशकात १०३ मीटर उंचीच्या भिंतीमागं पाणी तुंबलं आणि शिवसागर तयार झाला. शंभराच्या आसपास गावं उठली. बुडाली ती नदीकाठची सपाट, कसदार भातखाचरं. कड्यावरचं रान कोरडंच राहिलं. शिवाय पलीकडच्या काठाची वाट पाण्यानं तोडली. अलीकडच्या काठावरच्या बामणोलीहून लाँच मिळाली तरच पलीकडं जाणं होणार, मग लाकूडतोड्याचा ट्रक तिथं पोचणार कसा? ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानं तर खोऱ्याची उरलीसुरली घडीही विस्कटली. जंगल वाचलं ते कुणी ठरवून वाचवलं म्हणून नव्हे. विजेसाठी अडवलेल्या पाण्यानं ते आपसूक आडोशाला गेलं.

कायदा मागाहून आला. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य, २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, २०१२ मध्ये युनेस्कोची जागतिक वारसा यादी. गवा, शेकरू, मोठा धनेश ही नावं सगळ्यांना ठाऊक असतात. पण १९६३ मध्ये शास्त्राला ओळख झालेला एक बेडूकही या खोऱ्याचं नाव लावतो, कोयना टोड. २०१८ मध्ये चांदोलीतल्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याचं कौतुक भरभरून छापलं.

आज वासोट्याला जाणाऱ्याला वनखात्याची परवानगी काढावी लागते आणि संध्याकाळच्या आत लाँच गाठावी लागते. पायवाट ओढा ओलांडून झाडीत शिरते. नीट बघितलं तर या रानात दगडी बांध आणि घरांची जोती सापडतात. रानात एकाएकी आंबा-फणसाची जुनी झाडं घोळक्यानं दिसली, तर तिथं वस्ती होती असं खुशाल समजावं. त्या वस्त्यांतली काही माणसं धरणानं उठवली, काही पुढं अभयारण्यासाठी हलवली. पर्यायी जमिनीचा हिशेब मात्र पुरा झाला नाही. वाघाचा फोटो आला त्याच २०१८ साली धरणग्रस्त कोयनानगरला ठिय्या देऊन बसले होते. आंदोलनात धरण बांधताना उठलेल्यांची नातवंडंही होती.